आज कोणाबरोबर जेवलास?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गणपती होऊन गेले होते, पण सड्यावरचा पाऊस काही हटत नव्हता. संध्याकाळी दवाखान्यात एक उंच, सडसडीत मुलगा आला. केस ओले, बुटांना तांबडा चिखल. ‘पोटात जळजळतंय, जेवण जात नाही,’ अशी तक्रार. गाव विचारले तर लातूरकडचे एक खेडे सांगितले. आमच्या गावापासून १४ किलोमीटरवर कातळावर जे इंजिनीअरिंग कॉलेज आहे, तिथे तो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आला होता आणि तिथल्याच होस्टेलवर राहत होता. मी पोट तपासले, तिखट कमी करायला सांगितले आणि आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. आता डोके दुखत होते आणि रात्री झोप लागत नव्हती. मी रक्तदाब पाहिला, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक, बी-१२ जरा कमी. त्याच्या गोळ्या दिल्या.

दिवाळीची सुटी संपल्यावर तो तिसऱ्यांदा आला. वजनकाट्यावर उभा केला तर पहिल्या भेटीपेक्षा चार किलो कमी भरला. त्या दिवशी बाहेर गर्दी नव्हती. मी खुर्ची जवळ ओढली आणि सहज विचारले, ‘काय रे, काल रात्री जेवलास का?’

‘जेवलो, सर.’

‘कोणाबरोबर?’

तो गप्प झाला. बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘डबा खोलीवर घेऊन जातो. मोबाईल बघत जेवतो.’

‘आणि परवा?’

‘परवा पण.’

मग हळूहळू त्याने सांगितले, की गेल्या चार दिवसांत वर्गातली हजेरी सोडली तर तो कुणाशी एक शब्द बोललेला नाही. आणि शेवटी म्हणाला, ‘सर, मी खोलीत मरून पडलो तरी आठ दिवस तिथं कुणाला कळणार नाही.’

वाचकहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अनेक वाक्ये ऐकली, पण या वाक्याने मी हललो. कारण तो दोनदा माझ्यासमोर बसून गेला होता. मी त्याचे पोट पाहिले, डोके पाहिले, रक्त पाहिले. तो एकटा आहे हे पाहिले नाही.

जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे मी त्याला तिथेच सरळ विचारले. असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. विचारल्याने माणसाचे ओझे हलके होते. ‘कधी कधी येतो,’ तो म्हणाला. त्याच्यासमोर आणि त्याच्या परवानगीने मी त्याच्या वडिलांना फोन लावला. शेतकरी माणूस. म्हणाले, ‘सायेब, पोरगं तर रोज फोनवर जेवलो म्हणतंय की.’ ते खोटे नव्हते. तो जेवतच होता. वडील दुसऱ्याच दिवशी निघाले. तोवर रात्री त्याच्या सोबतीला रेक्टरांनी एका मुलाची व्यवस्था केली. वडील येताच तिघे मिळून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

आज त्या मुलाच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, हे सांगतो आहे. कारण जून-जुलैपासून आपल्या अनेक घरांतून एकेक मूल बॅग घेऊन अशाच कुठल्या तरी माळावरच्या होस्टेलकडे निघते. आपण गादी देतो, बादली देतो, चकल्यांचा डबा देतो. माणसांत कसे राहायचे, याबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही.

माळावरचे शिक्षण

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळू लागली आणि पुढच्या काळात माळरानांवर, कातळांवर, घाटमाथ्यांवर इमारती उभ्या राहिल्या. अशा कॉलेजला मोठी जागा लागते आणि ती गावाबाहेरच परवडते. त्यात वावगे काही नाही. हवा चांगली, शांतता भरपूर, अभ्यासाला उत्तम. पण संध्याकाळी प्राध्यापक आपापल्या गाड्यांनी गावात परततात, साडेसहाची शेवटची एस.टी. निघून जाते, मुलींच्या होस्टेलचे फाटक बंद होते, आणि मग त्या माळावर उरतात काही शे मुले, दोन वॉचमन आणि एक टपरी. तीही पावसाळ्यात बंद.

शहरातल्या मुलाचे वर्गात कुणाशी जमले नाही तर त्याला गल्ली असते, मैदान असते, वाचनालय असते, मावशीचे घर असते. माळावर दुसरी दारेच नसतात. तिथल्या दोनशे मुलांत तुमचे जमले नाही, तर तुमचे कुठेच जमले नाही असे वाटू लागते.

आमच्या पेशंटचेही तसेच झाले. वर्गातले गट पहिल्या वर्षीच जमलेले होते. हा दुसऱ्या वर्षाला आला, त्याला एका टोकाची रिकामी खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या ‘येऊलालो, जाऊलालो’वर मेसमध्ये हशा पिकला. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसेलही, पण हा त्या दिवसापासून डबा खोलीवर नेऊ लागला. त्यात एकदा पार्टीची वर्गणी निघाली. पैसे नव्हते, म्हणून ‘मला बरं नाही’ म्हणाला. पुढच्या वेळी त्याला कुणी विचारले नाही. अशी छोटी छोटी दारे बंद होत गेली आणि दोन महिन्यांत पोट दुखू लागले.

एकटेपणा शरीरात उतरतो

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, असे त्यात म्हटले आहे. हे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा कोवळ्या वयात अधिक आढळते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. मला आता वाटत नाही.

एकटे असणे आणि एकटेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. काही मुलांना मुळातच कमी बोलायला आवडते. एक-दोन जिवाभावाचे मित्र असले की त्यांना पुरते. त्यांना ओढून गर्दीत नेण्याची गरज नाही. पण माणसे हवी आहेत आणि मिळत नाहीत, ही स्थिती लांबली की शरीर सतत सावध राहते, जणू पहाऱ्यावर असते. झोप तुटते, भूक मरते किंवा उलट सारखे खावेसे वाटते, डोके जड राहते, पोट बिघडते. झोप नाही म्हणून रात्री मोबाईल, मोबाईल म्हणून सकाळी उशिरा जाग, मग नाष्टा चुकतो आणि पहिला तासही चुकतो. जिथे चार माणसे भेटली असती त्या सगळ्या वेळा हातून जातात. हे चक्र एकदा सुरू झाले की गोळीने थांबत नाही.

एक टेलिफोन, एक टीव्ही

मी स्वतः १९८८ साली मेडिकलला होस्टेलवर गेलो. तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने राहत होतो, असे मी म्हणणार नाही. पहिले चार महिने मीही रोज रात्री रडत होतो. वडिलांचे आंतरदेशीय पत्र उशीखाली ठेवून झोपायचो. पण आमच्या होस्टेलमध्ये टेलिफोन एक आणि टीव्ही एक. रविवारी सकाळी ‘महाभारत’ पाहायचे तर कॉमनरूममध्ये बसावे लागे. १९९२ चा क्रिकेट विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता, तर पहाटे पांघरुणे घेऊन सगळे एकत्र. जेवण मेसच्या बाकावरच. खोलीत नेण्याची मुभाच नव्हती. मनात असो नसो, माणूस माणसावर आदळत होता. मला माणसात आणले ते शेजारच्या खोलीतल्या एका सीनियरने. तो रोज रात्री आठ वाजता माझ्या दारावर थाप मारून एवढेच म्हणायचा, ‘चल, जेवायला.’ त्याने मला कधी उपदेश केला नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा टेलिफोन, टीव्ही आणि थिएटर आहे. मोबाईल वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्यावरच आईचा चेहरा दिसतो. पण पूर्वी जे आपोआप घडत होते ते आता मुद्दाम घडवावे लागते, एवढाच फरक पडला आहे. तो फरक मुलांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ती ‘माझ्यातच काही तरी कमी आहे’ असे समजतात.

दार आणि जिना

मैत्री कशी जमते यावर अमेरिकेत विद्यार्थ्यांच्याच वसाहतीत एक जुना अभ्यास झाला आहे. एम.आय.टी. या संस्थेतील विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांमध्ये लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणाची कोणाशी मैत्री आहे याची विचारपूस केली आणि १९५० साली त्यावर पुस्तक लिहिले. एकाच मजल्यावर अगदी लगतच्या दारांत राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र निघाले. एक दार सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के, तर मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही होत्या. म्हणजे स्वभाव, आवडीनिवडी या गोष्टी नंतरच्या. आधी येते ती वाटेतली गाठभेट.

दुसरी गोष्ट वेळेची. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. हा आकडा मी होस्टेलच्या मुलांना आवर्जून सांगतो. पंधरा दिवसांत मित्र झाला नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला मी हिशेब करून दाखवतो. रोज रात्रीचे जेवण एकाच बाकावर घेतले, अर्धा तास धरला, तर ५० तास भरायला १०० दिवस लागतात. तुझे तर पंधराच झाले आहेत!

मुलांनो, एवढे करून पाहा

१. दिवसातले एक तरी जेवण मेसमध्ये, माणसांत बसून. डबा खोलीवर फक्त ताप असेल तेव्हा. शक्यतो रोज त्याच वेळी, त्याच बाकावर बसा. पहिले आठ दिवस कुणी बोलणार नाही. नवव्या दिवशी कुणी तरी पाण्याचा जग मागेल.

२. संध्याकाळी तासभर खोलीचे दार उघडे ठेवा. बंद दारावर थाप मारायला धीर लागतो. उघड्या दारातून कुणीही डोकावतो.

३. बोलायला विषय नसेल तर काम शोधा. मेस कमिटी, वाचनालय, व्हॉलीबॉलचे नेट बांधणे, गॅदरिंगचे पडदे. काम हातात असले की गप्पा आपोआप होतात. आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर जरूर नाव द्या. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तासांचे काम असते आणि खेड्यात सात दिवसांचे निवासी शिबिर. वर्षभर वर्गात जे जमत नाही ते बंधारा घालताना सात दिवसांत जमते.

४. शेजारचे गाव आपले माना. माळाखाली वाडी असतेच. तिथे शाळा असते, भजन असते, गणपतीत घरोघर आरत्या असतात, शिमग्याला पालखी असते. गावातल्या एका घराशी ओळख असलेला मुलगा माळावर कधीच पुरता एकटा पडत नाही. मात्र पाहुण्याच्या रीतीने जा, गावाच्या चालीरीती पाळा.

५. पैसे नसतील तर खोटे आजारपण सांगू नका. ‘या महिन्यात जमत नाही रे, पण चहाला येतो’ एवढे म्हणा. निम्म्या मुलांची तीच स्थिती असते.

६. पहिल्या सत्रात दर शनिवारी घरी पळू नका. एक आड एक रविवार होस्टेलवर काढा. मैत्री रविवारीच होते, कारण त्या दिवशी कुणाला घाई नसते.

७. मुलींना शेवटच्या बसची आणि फाटकाच्या वेळेची अडचण मोठी. त्यांनी एकटीने जाण्याऐवजी चार-पाच जणींचा बाजाराचा एक दिवस ठरवून घ्यावा. माझ्या एका पेशंट मुलीने रेक्टरबाईंकडून फाटकाच्या आत रात्री जेवणानंतर अर्धा तास चालण्याची परवानगी मिळवली. पहिल्या दिवशी दोघी होत्या, महिन्याभराने अकरा झाल्या. डोकेदुखीच्या गोळ्यांना त्या होस्टेलकडून माझ्याकडे येणे कमी झाले, आणि याचे मला वाईट वाटले नाही!

माणसांत जायचे म्हणजे सिगारेट-दारूच्या टोळक्यात जायचे असे मात्र नाही. दारूशिवाय ज्याच्याशी गप्पा होत नाहीत, तो मित्र नव्हे. आणि कुणी ओळखीच्या नावाखाली छळत असेल तर ते रॅगिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार त्याला पूर्ण बंदी आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे.

पालकांसाठी

आपण फोनवर तीन प्रश्न विचारतो. जेवलास का? अभ्यास झाला का? पैसे आहेत का? तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणून मूल मोकळे होते. एक प्रश्न बदला. ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारा. उत्तरात नाव आले तर निर्धास्त झोपा. सलग आठ दिवस नाव आले नाही तर रागावू नका, ‘तुला मिसळताच येत नाही’ असे म्हणू नका. एस.टी. पकडून एकदा जाऊन या. दिवसभर त्याच्याबरोबर राहा, मेसमध्ये त्याच्या शेजारी बसून जेवा.

दुसरे, दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल करू नका. मुलाचा एक पाय घरातच राहतो. रात्री एकदा, पंधरा मिनिटे, जीव लावून बोला.

आणि हे सारे मुलाच्या प्रयत्नावर सोडून चालणार नाही, हे कॉलेज चालवणाऱ्या मंडळींनीही ध्यानात घ्यावे. रात्री आठची एक बस, रविवारी उघडे वाचनालय, मेसमध्ये डबा नेणाऱ्यांची रेक्टरांकडे साधी नोंद. याला फार खर्च येत नाही. जो मुलगा सलग पंधरा दिवस डबा खोलीवर नेतो, त्याची चौकशी कुणीतरी केलीच पाहिजे.

डॉक्टरकडे केव्हा?

उदासपणा, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, वजन उतरले, मूल वर्गाला जाईनासे झाले, तर तो निव्वळ एकटेपणा नसून नैराश्याचा आजार असू शकतो. तो मित्र मिळाल्याने आपोआप बरा होईल या भरवशावर राहू नका. त्याला औषधे आहेत, समुपदेशन आहे, आणि तो बरा होतो. मरणाची भाषा कधीही थट्टा समजू नका. त्या मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

रविवारची भाकरी

त्या लातूरच्या मुलाला काही महिने औषधे घ्यावी लागली. तो दर पंधरा दिवसांनी मला भेटत असे. एकदा म्हणाला, ‘सर, रविवार संध्याकाळ फार वाईट.’ रविवारी दुपारी मेसमध्ये गोडाधोडाचे जेवण असते आणि संध्याकाळी मेस बंद. पोरे आपापल्या खोलीत नूडल्स शिजवतात. कॉरिडॉरमध्ये कुणी नसते. त्यात याला रोजच्या भाताचा कंटाळा आलेला. ‘तुला भाकरी थापता येते का?’ मी विचारले. घरी आई शेतात, त्यामुळे त्याला लहानपणापासून येत होती.

मेसच्या मावशींना त्याने स्वतःच जाऊन विचारले. हे विचारायला त्याला तीन रविवार लागले. मावशींनी एक शेगडी दिली आणि गावातून ज्वारीचे पीठ आणून दिले. पहिल्या रविवारी तो आणि सोलापूरचा एक मुलगा असे दोघेच होते. मग बीडचा एक आला. मग इथलेच, भात खाणारे दोघे ‘बघू तरी’ म्हणून आले आणि ठेचा खाऊन डोळे पुसत बसले. ज्याच्या बोलण्यावर मेस हसली होती, त्याच्या हातची भाकरी खायला मेसमध्येच बाक भरू लागला. लगेच सगळे सुरळीत झाले असे नाही. एका विषयात तो नापास झाला, मध्ये पुन्हा एकदा खचला. पण त्या वेळी दोन मुले त्याला माझ्याकडे घेऊन आली. तो एकटा आला नाही, हेच मला त्या दिवशी सगळ्यात मोठे निदान वाटले.

आता तो पास होऊन पुण्यात नोकरीला आहे. मी मात्र तेव्हापासून होस्टेलवरून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, पोट दुखो की गुडघा, एक प्रश्न विचारतोच. आज रात्री तुम्ही आपल्या मुलाला किंवा मुलीला फोन कराल, तेव्हा तोच विचारून पाहा.